फक्त १४ मिनिटं शिल्लक!

आजचा एपिसोड लोकलमध्ये उभं राहून ऐका, भांडी घासताना ऐका, कसाही ऐका. फक्त एक अट आहे. ऐकता ऐकता शॉपिंगचं अ‍ॅप उघडायचं नाही. का, ते कळेलच.

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. रात्रीचे पावणेबारा वाजले होते आणि कराडहून आईचा फोन आला. एवढ्या रात्री घरून फोन आला की पोटात गोळाच येतो ना! घाबरत घाबरत उचलला, तर आई म्हणते, "अगं, तुझ्या फोनवर ओटीपी आलाय का बघ. मिक्सर घेतेय. चौदाच मिनिटं राहिलीत!"

घरी चांगला चालू मिक्सर आहे, बरं का. पण तिच्या स्क्रीनवर लाल आकडे पळत होते आणि खाली लिहिलं होतं, 'फक्त ३ शिल्लक'.

मी म्हटलं, "आई, झोप तू. उद्या सकाळी बघ, तो टायमर परत तिथेच असेल."

"तुला काय माहीत?"

मला माहीत होतं. कारण त्या क्षणी माझ्या लॅपटॉपवर तसलाच एक टायमर उघडा होता. मीच तो लिहीत होते.

थोडं मागे जाते. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे मुंबईतल्या क्रिएटिव्ह एजन्सींचं काम येतं. जाहिरातीची कल्पना, शब्द, शूटिंग हे सगळं त्यांचं. तुम्ही जाहिरातीवर बोट टेकवल्यावर जे पान उघडतं, ते आमचं.

आपली दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, पण एजन्सीची दिवाळी पावसाळ्यातच सुरू होते. बाहेर धो धो पाऊस आणि आत स्टुडिओत पणत्या, आकाशकंदील, फराळाचं ताट! मग एका मुख्य जाहिरातीचे शेकडो तुकडे होतात. पेपरसाठी वेगळा, होर्डिंगसाठी वेगळा, रीलसाठी उभा, मराठी, तमिळ, बंगाली. याला तिथे 'अ‍ॅडाप्ट्स' म्हणतात आणि नव्याने लागलेली पोरं रात्र रात्र जागून तेच करतात.

एवढी धडपड कशासाठी? पितृपक्षात बरेच लोक नवीन खरेदी करत नाहीत. ती थांबलेली खरेदी नवरात्रात मोकळी होते. पुढे दसरा आणि पाडवा हे साडेतीन मुहूर्तांतले दिवस, मध्ये धनत्रयोदशी, त्यात हातात बोनस. बाजाराला हे गणित कधीपासून माहीत आहे. मोबाइलवर त्याचा मोठा धमाका झाला तो ६ ऑक्टोबर २०१४ला, फ्लिपकार्टच्या पहिल्या 'बिग बिलियन डे'ला. गर्दी एवढी झाली की साइट कोलमडली आणि दुसऱ्या दिवशी संस्थापकांनी ग्राहकांची माफी मागितली. आता अशा सेलच्या आधी इंजिनिअर लोक नवीन कोड टाकणंच बंद करतात. त्याला 'कोड फ्रीझ' म्हणतात.

आता टायमर. खरा टायमर सर्व्हरवरून वेळ घेतो. सेल कधी संपणार हे एकदा ठरलं की तुम्हाला, मला, सगळ्यांना सारखेच आकडे दिसतात. खोट्या टायमरला सर्व्हर लागतच नाही. तुम्ही पान उघडलंत की तुमच्याच ब्राउझरमध्ये पंधरा मिनिटं सुरू होतात. संपली की पुन्हा पंधरा. आणि 'फक्त ३ शिल्लक'? दोन ते पाचमधला कुठलाही एक आकडा उचलायचा. एका ओळीचं काम. गोदामात तीन आहेत की तीन हजार, त्या ओळीला पत्ताच नसतो.

तपासायचं कसं? तीच लिंक इन्कॉग्निटोमध्ये किंवा मित्राच्या फोनवर उघडा. टायमर पहिल्यापासून सुरू झाला तर समजून जा.

अजून दोन गोष्टी पटकन सांगते. '७०% सूट' बहुतेक वेळा एमआरपीवर मोजलेली असते. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत. ती वस्तू एरवीही त्या किमतीला विकली जात असेलच असं नाही. म्हणून सूट बघू नका. मागच्या महिन्यात ती कितीला होती, ते बघा. आणि 'नो कॉस्ट ईएमआय'. बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी रक्कम किमतीत कमी करून दाखवतो. पण त्या व्याजावरचा १८% जीएसटी आणि बऱ्याचदा प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. रिझर्व्ह बँकेने तर २०१३मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने दोन स्क्रीनशॉट पाठवले. टायमर परत पळत होता. 'फक्त ४ शिल्लक'. म्हणजे रात्रीतून एक मिक्सर वाढला होता! खाली तिचा मेसेज होता, "म्हणजे हे लोक खोटं बोलतात? आणि तूपण?"

त्या 'तूपण'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधीचे दोन सीझन मी असे टायमर लिहिले होते. काम आलं, केलं. एकदाही विचारलं नाही.

त्या दिवशी विचारलं. एजन्सीकडून उत्तर आलं, "सगळ्यांच्याच पेजवर असतं गं." मग मी केंद्र सरकारचे ३० नोव्हेंबर २०२३चे नियम शोधले. ग्राहकाला फसवून क्लिक करायला लावणाऱ्या अशा युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हणतात. त्या यादीत १३ प्रकार आहेत आणि खोटी घाई हा त्यातला एक. नियम विक्रेत्यांना आणि जाहिरातदारांनाही लागू आहेत. ते मेलला जोडून पाठवले. नैतिकतेचं भाषण कुणी वाचलं नसतं. क्लायंटच्या लीगल टीमने हे मात्र वाचलं.

टायमर खऱ्या तारखेला बांधला गेला. शिल्लक मालाची ओळ काढून टाकली, पण कारण फार थोर नव्हतं. गोदामाची सिस्टिम जोडायला वेळच नव्हता! मीटिंगमध्ये माझ्याबद्दल "जरा जास्तच सिरियस आहे" असं म्हटलं गेलं. चालायचंच.

जाहिरात म्हणजे फसवणूकच, असं मी म्हणत नाहीये. २०२१ची कॅडबरीची दिवाळीची जाहिरात आठवते? शाहरुख खान तुमच्या गल्लीतल्या दुकानाचं नाव घेऊन 'तिथून घ्या' म्हणायचा. त्याचा चेहरा आणि आवाज एआयने घडवला होता, आणि छोटे दुकानदार स्वतःची जाहिरात फुकट बनवू शकत होते. तंत्रज्ञान तिथेही होतं. फक्त त्याने कुणाच्या आईची झोप उडवली नाही.

तर यंदा खरेदी जरूर करा. पण आकडे पळायला लागले की फोन उलटा ठेवा आणि चहा करून या. सेल खरा असेल तर तो चहाएवढा वेळ थांबतो. फसवणूक वाटली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

आणि मिक्सर? आईने पाडव्याला कराडच्याच दुकानातून घेतला. मी म्हटलं, "अगं, जुना चालू होता ना?" तर म्हणते, "तिथे कुणी घाई केली नाही. मला वाटलं, म्हणून घेतला."

यावर मी काय बोलणार!

तुम्हाला सापडलेला सर्वांत भारी खोटा टायमर कोणता? व्हॉइस नोट पाठवा. भेटूया पुढच्या एपिसोडला. तोवर सांभाळून क्लिक करा!