नितळ पाण्यातील अदृश्य दोष

विहिरीचे पाणी काचेच्या पेल्यात धरून पाहावे. ते नितळ दिसते, त्यास वास येत नाही, चवही गोडच लागते. असे पाणी उकळून तान्ह्या बाळाच्या दुधात घालणारी माता कर्तव्यास चुकली, असे कोण म्हणेल? परंतु अमेरिकेतील आयोवा राज्यात असे दूध प्यालेली काही अर्भके निळी पडली. 1945 साली डॉ. हंटर कॉम्ली यांनी त्याचे कारण प्रसिद्ध केले. दोष विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटचा होता.

शेणखत, सांडपाणी व रासायनिक खते यांतील नत्रापासून नायट्रेट बनते आणि पाण्यात विरघळून भूगर्भात झिरपते. अर्भकाच्या पोटात त्याचे नायट्राइट होते. त्यामुळे रक्तातील हिमोग्लोबिन असे पालटते की, प्राणवायू वाहून नेण्याचे त्याचे सामर्थ्यच नष्ट होते. प्रौढांचे शरीर हा बिघाड सहसा सावरते. सहा महिन्यांच्या आतील बालकाची ती शक्ती अपुरी असते. पाणी उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र जात नाही. उलट, पाणी आटेल तसतसे त्याचे प्रमाण वाढते. मातेची दक्षताच अशा रीतीने बाळाच्या मुळावर येते.

ही आपत्ती केवळ खेड्यातील विहिरींपुरती राहिली नाही. त्याच राज्याची राजधानी डी मॉइन नद्यांचे पाणी पिते. वरच्या अंगाच्या मक्याच्या शेतांतून, जमिनीखाली घातलेल्या नळ्यांवाटे, नायट्रेट त्या नद्यांत उतरते. ते काढण्यासाठी शहराला 1990 नंतरच्या दशकात खर्चिक यंत्रणा उभारावी लागली. 2015 साली तेथील जलसंस्थेने वरच्या तीन परगण्यांतील निचरा-मंडळांवर दावा लावला. 2017 साली तो फेटाळला गेला. जून 2025 मध्ये तर शुद्धीकरणावरील भार हलका करण्यासाठी नागरिकांना हिरवळीस पाणी घालण्यासही मनाई झाली. शेतात टाकलेल्या जादा खताची किंमत अशी खालच्या गावातील कुटुंबे भरीत आहेत.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे 45 मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. ही मर्यादा जिभेला कळत नाही. ती प्रयोगशाळेतील तपासणीनेच कळते. म्हणून ज्या घरी तान्हे मूल आहे व पाणी विहिरीचे वा कूपनलिकेचे आहे, त्या घराने ते एकदा अवश्य तपासून घ्यावे. प्रमाण अधिक आढळल्यास वरचे दूध कालविण्यास दुसरे निर्दोष पाणी आणावे. अंगावरचे दूध अशा वेळी सर्वांत सुरक्षित.

उकिरडा व शौचकूप विहिरीपासून दूर ठेवणे, आणि पिकाला लागेल तेवढेच खत योग्य वेळी देणे, हे तर गावाच्या हाती आहे. भूगर्भात एकदा उतरलेले नायट्रेट वर्षानुवर्षे टिकते. आज जमिनीवर जे सांडले जाते, ते उद्या अद्याप न जन्मलेल्या बालकाच्या वाटीत येऊ शकते, एवढे भान प्रत्येक गृहस्थाने राखावे.