वडगाव, पण कुठलं?



मागच्या दिवाळीत आमच्या प्रभागसंघाची फराळाची सगळ्यात मोठी ऑर्डर भलत्याच गावाला गेली. बावीस किलो चकली, अठरा किलो चिवडा. गिऱ्हाइकाने पत्त्यात नुसतं 'वडगाव' लिहिलेलं. टेम्पोवाल्याने मोबाइलवर वडगाव शोधलं, पहिलं जे आलं तिकडे गाडी घातली. तिथल्या लोकांनी सांगितलं, बाबा, असं नाव इथे कुणाचंच नाही. खऱ्या वडगावात पोचेतो रात्र झाली, त्यांनी दुसरीकडून माल घेतला होता. चकल्यांचा निम्मा चुरा. आठ जणींची चार दिवसांची मेहनत गेली आणि बैठकीत भांडण झालं ते वेगळंच. कुणी टेम्पोवाल्याला बोललं, कुणी सचिव ताईंना. मला विचाराल तर चूक दोघांचीही नव्हती. वडगाव म्हटल्यावर कुठलं धरायचं? एकट्या पुण्याच्या बाजूला बघा, वडगाव मावळ आहे, वडगाव शेरी आहे, वडगाव बुद्रुक आहे.

ही अडचण काही मोबाइलमुळे आली असं नाही. एकसारख्या गावनावांनी पत्रं चुकायची, शिवाय पत्ते निरनिराळ्या भाषांत, म्हणून तर १५ ऑगस्ट १९७२ पासून टपालाला पिनकोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवीसुद्धा. त्यांचे सहा आकडे आजही चालतात. पण एका पिनकोडात कितीतरी गावं आणि त्यांच्या वाड्यावस्त्या येतात. पत्र पोस्टमनदादा ओळखीने देतो. टेम्पोवाल्याला ती ओळख नाही.

तर ठरलं, की ऑर्डर घेतानाच ठिकाण पक्कं करायचं. आमच्या एका सदस्य ताईंची मुलगी बीसीए झाली आहे, तिने ऑर्डरचा अर्ज मोबाइलवर केला होताच. ती म्हणाली, याला जागा शोधायची सेवा जोडू. या कामाला जिओकोडिंग म्हणतात. म्हणजे असं, की आपण नाव लिहायचं आणि यंत्राने त्या जागेचे अक्षांश-रेखांश काढून द्यायचे. ही सेवा क्लाउडवर मिळते. क्लाउड म्हणजे काय ते मी गिरणीवरून सांगते. गिरणी आपण विकत घेत नाही, दळण नेतो आणि किलोमागे पैसे देतो. तसं मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांवर जगभरचे नकाशे असतात, आपण एक नाव विचारलं की एका विचारण्याचे पैसे.

फुकटचंही आहे. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा नकाशा २००४ पासून लोकांनीच मिळून केलेला आहे. पण त्याच्या सार्वजनिक शोधाला सेकंदाला एकच प्रश्न विचारायची मुभा आहे आणि लिहिता लिहिता नावं सुचवण्यासाठी तो वापरायला मनाई आहे. म्हणून आम्ही पैसे देऊन सेवा घेतली.

खातं कुणाच्या नावावर, यावर आमचा एक अख्खा तास गेला आणि तो जायलाच हवा होता. ती मुलगी म्हणाली, माझ्या नावावर काढते, पटकन होईल. मी नको म्हटलं. उद्या ती नोकरीला गेली, लग्न होऊन गेली, की पासवर्ड तिच्याबरोबर गेला. बँकेत आपण दोन सह्या ठेवतो ना? खातं संघाच्या ईमेलवर काढलं, अध्यक्ष आणि सचिव दोघींना पासवर्ड माहीत आहे.

खातं झालं की एक चावी मिळते, लांबलचक अक्षरांची. ती लावली की सेवा उत्तर देते. ही चावी दुसऱ्याच्या हाती गेली तर तो विचारणार आणि बिल आपल्याला येणार. म्हणून ती फक्त आपल्याच अर्जावरून चालेल असं बंधन घालता येतं, ते पहिल्या दिवशीच घालून घ्या. दुसरं म्हणजे, गिऱ्हाईक एकेक अक्षर लिहितं तसतशी नावं सुचत जातात आणि त्यातलं प्रत्येक अक्षर वेगळा प्रश्न म्हणून मोजलं जाऊ शकतं. आम्ही तीन अक्षरं होईपर्यंत विचारायचंच नाही असं केलं. खर्चाची सूचना मोबाइलवर येते, पण ती नुसती सूचना असते, तिने नळ बंद होत नाही. दिवसाला अमुक इतकेच प्रश्न, अशी मर्यादा वेगळी घालावी लागते. आणि एक विचारून घ्या, की मिळालेलं ठिकाण आपल्या यादीत कायमचं ठेवायचं असेल तर चालतं का. पुष्कळ ठिकाणी त्याची अट वेगळी असते, कधी दरही.

पहिल्या दिवशी गंमत झाली. सोलापूर साधारण १७.६६ अक्षांशावर आणि ७५.९१ रेखांशावर. कुठल्या सेवेत अक्षांश आधी लिहितात, कुठल्या सेवेत रेखांश. आमचे उलटे पडले आणि आमचं कार्यालय उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाच्या समुद्रात दिसायला लागलं. मावश्या म्हणाल्या, बरं झालं, उन्हाळ्याचं तिकडेच राहू.

पण खरी अडचण पुढे होती. तालुक्याचं गाव सापडायचं, मोठी गावं सापडायची. आमच्या वस्त्या आणि मळे सापडेनात. पैसे भरले तरी त्या नकाशात जे नाही ते येणार कुठून? मग ती यादी आम्हीच करायला घेतली. दर बैठकीत दहा-बारा ठिकाणं. बायका सांगायच्या, आम्ही लिहायचो. गावाचं नाव कुठे 'बुद्रुक', कुठे नुसतं 'बु.', इंग्रजीत कुणी व्ही वापरतं, कुणी डब्ल्यू, सगळी रूपं एकाच ठिकाणाखाली घेतली. एक आजी म्हणाल्या, "चिंचेपाशी लिही." चिंच तोडून दोन वर्षं झाली, पण सगळे चिंचेपाशीच म्हणतात. लिहिलं. मग प्रत्येक ठिकाणी जाऊन, उघड्या आभाळाखाली उभं राहून मोबाइलवरचे आकडे टिपले. पत्र्याच्या घरात बसून टिपले तर जागा सरकते.

काही वस्त्यांची नावं जातीवरून होती. ती बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२० साली घेतला. आम्ही काय केलं, जुनं नाव लिहिलं तरी ठिकाण सापडेल, पण पडद्यावर येईल ते नवंच नाव. यावर दोन बैठका गेल्या. त्याच वस्तीतल्या एक ताई शेवटी उठून म्हणाल्या, "जुनं नाव शोधायला ठेवा, पण माझ्या बिलावर ते छापून आलेलं मला चालणार नाही." तसंच केलं.

आणखी एक गोष्ट, आणि ही नीट ऐका. माल कुठून उचलायचा हे टेम्पोवाल्याला दिसावं म्हणून प्रत्येक सदस्याच्या घराचे आकडे घालायचं आधी ठरलं होतं. आमच्यातली एक जण नवऱ्याचा त्रास सोडून वेगळी राहते. ती बैठकीत काही बोलली नाही, नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, माझं घर कुठे आहे हे मी अजून माहेरीसुद्धा सांगितलेलं नाही." माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून यादीत एकाही बाईचं घर नाही. माल अंगणवाडीपाशी किंवा देवळापाशी आणून ठेवायचा, तेवढंच ठिकाण. गिऱ्हाइकांचे पत्ते दोघीच बघतात आणि हिशेब मिटला की महिन्याने पुसतात.

टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे. देशाचे साधारण चार मीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-अंकांची खूण दिली आहे. एखादं गिऱ्हाईक ती पाठवतं, तेव्हा काम सोपं होतं. पण बहुतेक जण अजून चिंचेपाशीच म्हणतात.

आमच्या यादीत आता त्रेसष्ट ठिकाणं आहेत. वडगाव लिहिलं की अर्ज आधी तालुका विचारतो. दिवाळीच्या त्याच गिऱ्हाइकाने संक्रांतीला सहा किलो तिळाचे लाडू मागवले आणि टेम्पो थेट त्यांच्या दारात थांबला. चकल्यांचे पैसे मात्र आम्हीच सोसले. ज्यांची वस्ती यादीत नसेल त्यांनी पुढच्या बैठकीला येताना तिची सगळी नावं आठवून या, जुन्या माणसांना विचारून या.