कळा कोणाच्या सोयीने?

पहिलटकरणीचे दिवस भरत आले की प्रश्न उभा राहतो : कळांची वाट पाहावी, की औषधाने त्या आणवाव्यात?

२०१८ साली अमेरिकेतील ४१ रुग्णालयांतील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी जोखमीच्या सुमारे ६,१०० पहिलटकरणींपैकी ३९व्या आठवड्यात कळा आणवायच्या गटात सिझेरियन १८.६ टक्के, तर वाट पाहणाऱ्या गटात २२.२ टक्के झाले. बाळांच्या प्रकृतीत निर्णायक फरक दिसला नाही. स्वीडनमध्ये मात्र ४२ आठवड्यांपर्यंत थांबलेल्या गटात ६ बाळे दगावली, ४१ आठवडे भरताच कळा आणवलेल्या गटात एकही नाही; २०१९ साली अहवाल आलेली ती चाचणी मध्येच थांबवावी लागली.

तात्पर्य, ४१ आठवड्यांनंतर थांबणे धोक्याचे. त्याआधी गुंतागुंत नसेल तर निवड त्या स्त्रीची.

पण निवड फुकट मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) भारतात सिझेरियनचे प्रमाण खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. एवढी तफावत केवळ स्त्रियांच्या शरीरांतून उद्भवत नाही. तिच्यामागे पैसा आणि वेळापत्रकही असते. थांबण्याचा हक्क खरा व्हायचा, तर नियमित मोफत तपासणी, रात्री-अपरात्री वाहन आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई हवी. ती मागणी आपली आहे, निर्णय तिचा.