बंडखोरांना हवा असलेला बादशहा

1955 साली हाँगकाँगच्या एका सायंदैनिकात ‘ग्रंथ आणि तलवार’ ही कादंबरी क्रमशः छापून येऊ लागली. लेखक जिन योंग, पेशाने पत्रकार. त्यांची ही पहिलीच कादंबरी. अठराव्या शतकात मांचू बादशहा छ्येनलोंग गादीवर आहे आणि ‘लाल फूल’ नावाच्या गुप्त संघटनेचे तलवारबहाद्दर त्याच्यावर उठले आहेत. उड्या, वार, पाठलाग असं सगळं आहे, अगदी पोटभर. पण या मंडळींना हवंय तरी काय, हे पाहू गेलं तर गंमत दिसते. बादशाही मोडावी असं त्यांच्या स्वप्नातही येत नाही. गादीवर आपल्या रक्ताचा, म्हणजे हान चिनी, माणूस असला की झालं.

आणि तसा माणूस तिथे आहेच. छ्येनलोंग हा मुळात हायनिंगच्या चेन घराण्यातला हान मुलगा, अशी दंतकथा आहे. इतिहासकार ती मानत नाहीत. पण हायनिंग हे जिन योंग यांचंच गाव, त्यामुळे त्यांनी ती सोडली नाही. कादंबरीत बंडखोरांचा नायक चेन च्यालुओ बादशहाचा धाकटा भाऊ निघतो. मग तलवारीपेक्षा नात्यावरच भिस्त. बादशहाला पकडून हांगचौच्या पॅगोडात कोंडतात, उपाशी ठेवतात, चिडवतात. अखेर तो मांचूंना हाकलायचं कबूल करतो, अर्थात स्वतःची गादी राखूनच. या वचनापायी चेन आपल्या प्रेयसीला, पश्चिमेकडच्या मुसलमान टोळीतल्या कासिलीला, बादशहाच्या हवाली व्हायला राजी करतो. दगा होणार हे तिला कळतं, तेव्हा साथीदारांना सावध करण्यासाठी ती मशिदीत जीव देते. तिच्या लोकांना तर याच बादशहाच्या फौजेने चिरडलेलं. तिथे हान कोण नि मांचू कोण, याने काय फरक पडतो?

कोणी म्हणेल, छ्येनलोंगने साठ वर्षं राज्य केलं, तेव्हा बंड फसणं भागच होतं. खरं आहे. पण ते लढाईतही फसवता आलं असतं. जिन योंग यांनी ते भोळ्या विश्वासापायी फसवलं, आणि ही निवड इतिहासाने लादलेली नाही. रोजच्या हप्त्यांच्या करमणुकीत एवढा अर्थ कशाला शोधायचा, हा दुसरा आक्षेप. त्याला त्यांची शेवटची मोठी कादंबरी, 1969 ते 1972 मधली ‘हरिण आणि कढई’, परस्पर उत्तर देते. तिथे छ्येनलोंगचा आजोबा खांगशी बादशहा बंडखोरांच्या माणसालाच विचारतो, मी आधीच्या मिंग राजांपेक्षा वाईट राज्य करतोय का? वेश्यागृहात वाढलेल्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या त्या वेइ श्याओबाओला उत्तर सुचत नाही. पुढे विद्वान मंडळी त्यालाच सांगतात, तूच बादशहा हो. तो हादरतो, आणि अखेर बायकांना, मुलांना घेऊन दोन्ही पक्षांच्या हातावर तुरी देतो.