काशीतलं हॉटेल आणि शेवटची ४०० पावलं

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "आईवडिलांना घेऊन काशीला जायचंय, हॉटेल कुठलं घेऊ?" म्हणून आजचा भाग फक्त त्यावर. हॉटेलचं नाव मात्र मी एकही सांगणार नाही. आज चांगलं असलेलं हॉटेल सहा महिन्यांनी तसंच असेल याचा भरवसा नसतो. निवडायचं कसं, ते सांगते. आणि सुरुवात माझ्या चुकीपासून करते, कारण मी शिकले ती चुकीतूनच.

आईला काशीला जायचं होतं, ते मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. आज नको, पुढच्या वर्षी, असं करत करत ती ७३ वर्षांची झाली आणि गुडघ्यांनी संप पुकारला. शेवटी एका नोव्हेंबरात मी तिकिटं काढूनच टाकली. आता इतकी वर्षं वाट बघितलीये, तर आईला खोलीतून गंगा दिसली पाहिजे, असं माझ्या डोक्यात. बुकिंगच्या ॲपवर 'गंगा व्ह्यू' शोधलं. फोटो इतके सुंदर! खिडकी, खिडकीत गंगा, गंगेवर सूर्य. रेटिंग साडेचार. घाटापासून अंतर १०० मीटर. तीन रात्रींचं बुकिंग केलं आणि मोकळी झाले.

आम्ही नाशिकरोडहून महानगरी एक्स्प्रेसने गेलो. ही गाडी वाराणसीला पहाटे अंधारातच पोचते. रिक्षावाल्याने गोदौलिया चौकाच्या पुढे आम्हाला उतरवलं आणि म्हणाला, "बस, यहीं तक." तिथून हॉटेल किती लांब? मी नंतर मोजली, गल्लीतली ४०० पावलं. ४०० पावलं म्हणजे तुमच्याआमच्यासाठी काहीच नाही. पण काशीची गल्ली म्हणजे दगडी फरशी, ती ओली, मध्येच शेण, मध्येच दोन पायऱ्या वर, तीन खाली, समोरून मोटारसायकल. आई एका हाताने भिंत धरून आणि एका हाताने मला धरून चालत होती. सामान दुसऱ्या फेरीत आणलं.

हॉटेलच्या दारात पोचलो तर रिसेप्शन पहिल्या मजल्यावर. आमची खोली तिसऱ्या. लिफ्ट नाही. रस्त्यापासून खोलीपर्यंत ६४ पायऱ्या, त्याही जुन्या वाड्याच्या, उंच उंच. आई तीनदा बसली. वर पोचल्यावर पलंगावर आडवी झाली आणि दिवसभर खाली उतरलीच नाही. उतरले तर परत चढायचं कसं, हीच तिला धास्ती.

हॉटेलवाल्यांना मी दोष देत नाही हं. खोली फोटोतल्यासारखीच होती. 'लिफ्ट नाही' हेही पानावर अगदी खाली लिहिलेलं होतं. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं.

संध्याकाळी आरतीचे डमरू, घंटा ऐकू यायला लागल्या. आई खिडकीत खुर्ची घेऊन बसली होती. मी विचारलं, "दिसतंय का गं?" ती म्हणाली, "दिसते ना. गंगा दिसते, पण हाताला लागत नाही."

रात्रभर मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी बाहेर पडले आणि दुपारपर्यंत दुसरं हॉटेल बघितलं, अस्सीच्या बाजूला. एका रात्रीचे पैसे बुडाले, बुडू दिले. नवीन खोलीच्या खिडकीतून काय दिसायचं? समोरच्या इमारतीची भिंत आणि पाण्याची टाकी. पण रिक्षा दारापर्यंत यायची, दारात एकच पायरी होती आणि लिफ्ट तळमजल्यापासून होती. त्या भिंतीकडे तोंड केलेल्या खोलीत राहून आईने जी काशी बघितली, ती गंगा व्ह्यूमधून कधीच बघितली नसती.

तर मंडळी, मला जे सांगायचंय ते एवढंच. म्हाताऱ्या माणसांबरोबर जाताना हॉटेल खिडकीवरून निवडू नका, गाडी जिथे थांबते तिथपासून पलंगापर्यंतच्या वाटेवरून निवडा.

आता हे करायचं कसं, ते क्रमाने बघू.

पहिलं म्हणजे काशीचा नकाशा डोक्यात बसवा. गंगा इथे उत्तरेकडे वाहते आणि सगळं गाव पश्चिम काठावर आहे. समोरच्या काठावर बहुतेक रेतीच आहे, म्हणून सूर्योदय इतका मोकळा दिसतो. घाट ८४, आणि ते एकाला एक लागून आहेत. दक्षिणेकडे अस्सी, मध्ये दशाश्वमेध, त्याच्या पुढे मणिकर्णिका, पंचगंगा आणि मग उत्तरेला राजघाट. गर्दी, विश्वनाथ मंदिर आणि गल्ल्या, हे सगळं मधल्या पट्ट्यात. तिथे गाडी गोदौलिया चौकाच्या आसपासच अडते. पुढे दशाश्वमेधपर्यंत साधारण अर्धा किलोमीटर बहुतेक वेळा पायीच जावं लागतं. अस्सीला मात्र रस्ता घाटाच्या बराच जवळ येतो. म्हणून गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर मी अस्सी, भदैनी किंवा भेलूपुरा हा भाग आधी बघेन. मंदिर तिथून लांब पडतं, पण रिक्षाने लांब पडणं वेगळं आणि पायी लांब पडणं वेगळं.

दुसरं, स्टेशन. तिकिटावर नाव नीट वाचा. वाराणसी जंक्शन, ज्याला तिथे सगळे कैंट म्हणतात, ते एक. बनारस, म्हणजे पूर्वीचं मंडुवाडीह, ते दुसरं. आणि महाराष्ट्रातून जाणाऱ्या कितीतरी गाड्या वाराणसीत जातच नाहीत. त्या पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनला, म्हणजे जुन्या मुगलसरायला थांबतात. ते गंगेच्या पलीकडे आहे, पूल ओलांडून यावं लागतं. विमानाने गेलात तर विमानतळ बाबतपूरला, शहरापासून साधारण २५ किलोमीटर. पोचायची वेळ आणि जागा कळल्याशिवाय हॉटेल घेऊ नका. आमच्यासारखे पहाटे पोचलात आणि हॉटेलचं चेक-इन दुपारी १२ला असेल, तर तेवढा वेळ म्हाताऱ्या माणसाने बसायचं कुठे? अर्ली चेक-इन आधी फोनवर पक्कं करा, नाहीतर स्टेशनवरची रिटायरिंग रूम बघून ठेवा.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, हॉटेलला फोन करा. ॲपवर चॅट नको. फोन. आणि प्रश्न असे विचारा की 'हो' म्हणून सुटता येणार नाही. "गाडी येते का?" असं विचारलंत तर उत्तर "हां जी, आती है" असंच येणार. त्याऐवजी विचारा, "गाडी कुठपर्यंत येते? तिथून चालत किती मिनिटं?" दुसरा प्रश्न, "रस्त्यापासून रिसेप्शनपर्यंत पायऱ्या किती?" तिसरा, "लिफ्ट कुठल्या मजल्यापासून सुरू होते?" हसू नका, बऱ्याच जुन्या इमारतींत लिफ्ट असते, पण तिच्यापर्यंत जायला दहा-बारा पायऱ्या चढाव्या लागतात. चौथा प्रश्न बाथरूमचा. कमोड आहे ना, आंघोळीच्या जागेला उंबरा किती, आणि धरायला काही आहे का? पाचवा, "सामान न्यायला माणूस येईल का?" समोरचा माणूस पायऱ्या मोजून सांगायला तयार असेल, तर अर्धं काम झालं. टाळाटाळ करत असेल तर पुढचं हॉटेल बघा.

चौथं, रिव्ह्यू. पाच ताऱ्यांचे वाचू नका, एक ताऱ्याचेही नको. तीन ताऱ्यांचे वाचा. तिथे माणसं खरं सांगतात, "सगळं छान, पण..." त्या 'पण'च्या पुढचं आपल्याला हवं असतं. रिव्ह्यूमध्ये शोधायची सोय असते, तिथे लिफ्ट, जिना, पायऱ्या, गल्ली हे शब्द हिंदी-इंग्रजीत टाकून बघा. आणि पाहुण्यांनी काढलेले फोटो बघा, हॉटेलचे नव्हे. कुणीतरी जिन्याचा फोटो टाकलेलाच असतो.

पाचवं, तारीख. पावसाळ्यात गंगा चढली की घाट पाण्याखाली जातात आणि नावाही बंद होतात. तेव्हा घाटावरच्या हॉटेलला जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. देवदिवाळी म्हणजे कार्तिकी पौर्णिमा, महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, या दिवसांत भाडी चढतात आणि गाड्या नेहमीपेक्षा बऱ्याच अलीकडे अडवतात. तुमची ४०० पावलं त्या दिवशी दोन हजार होऊ शकतात. वयस्कर माणसांसाठी हे दिवस टाळलेलेच बरे.

आणि शेवटचं, आधी एकच रात्र बुक करा. फार तर रद्द करता येईल असं बुकिंग घ्या. पटलं तर वाढवा. मी तीन रात्रींचे पैसे आधीच भरले असते, तर कदाचित 'आता भरलेत ना' म्हणून आईला तिथेच ठेवलं असतं. त्या विचाराची मला आजही भीती वाटते.

आता कुणी म्हणेल, घाटावरच्या हॉटेलात जाऊच नये का? तसं मुळीच नाही. तुम्ही तिशीतले असाल, गुडघे धड असतील, तर जरूर राहा. पहाटे उठून दाराबाहेर पाऊल टाकलं की घाट, हे सुख वेगळंच. शिवाय त्या पट्ट्यात आपला इतिहासही पावलोपावली भेटतो. अहिल्याबाईंचा घाट आहे, शिंद्यांचा आहे, नागपूरकर भोसल्यांचा आहे. विश्वनाथाचं आजचं मंदिर अहिल्याबाईंनीच १७८०मध्ये बांधून घेतलं. हॉटेल वाईट नसतंच, ते कुणासाठी घेतोय तेवढं बघायचं. म्हणून ॲप उघडायच्या आधी ज्यांना नेताय त्यांना विचारा, "तिथे गेल्यावर तुला काय काय करायचंय?" मी आईला हे विचारलंच नव्हतं. गंगा व्ह्यू मला हवा होता, तिला नव्हे.

अस्सीला गेल्यावर विचारलं. म्हणाली, "विश्वनाथाचं दर्शन, आणि गंगेत हात घालायचाय." बस, दोनच गोष्टी. दर्शनाला आम्ही रस्त्याच्या बाजूच्या ४ नंबरच्या गेटने गेलो, व्हीलचेअर मिळाली. पहाटे अस्सी घाटावर 'सुबह-ए-बनारस' असतं, आरती आणि गाणं. आई वरच्या सपाट जागेत खुर्ची टाकून बसली, एकही पायरी न उतरता. भदैनी शेजारीच, तिथे राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान आहे, तेही रिक्षाने बघून आलो.

शेवटच्या दिवशी मात्र ती म्हणाली, "आता उतरू या." नावाड्याने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. पायऱ्या होत्याच, पण त्या तिने स्वतःहून उतरल्या, कारण परत गेल्यावर वर ६४ पायऱ्या नाहीत हे तिला माहीत होतं. नाव मध्यावर आल्यावर ती वाकली आणि मनगटापर्यंत हात पाण्यात घातला. बराच वेळ काढलाच नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "गार आहे गं."

तर मंडळी, फोन करा, पायऱ्या विचारा. तुम्ही आईवडिलांना घेऊन कुठे गेला असाल आणि हॉटेल निवडताना काही शिकला असाल तर जरूर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. भेटू. नमस्कार.