भूरसायनज्ञाचा व्यवसाय

रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळविलेल्या मुलामुलींपुढे सुशिक्षित घरांत सामान्यतः दोनतीन वाटा मांडल्या जातात. औषधांचा कारखाना, महाविद्यालयातील अध्यापन, आणि ही दोन्ही न साधल्यास एखादी स्पर्धापरीक्षा. भूशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याविषयी तर तो पुढे नेमके काय करणार, ह्याचाच उलगडा वडीलधाऱ्यांना होत नाही. ह्या दोन शास्त्रांच्या सीमेवर भूरसायनशास्त्र नावाचे तिसरे शास्त्र उभे आहे आणि त्यावर उपजीविका करणारा एक वर्ग जगभर पसरलेला आहे, ही गोष्ट फार थोड्या घरांना ठाऊक असते. हा वर्ग काय काम करतो, त्यात प्रवेश कसा मिळतो आणि त्याचे आपापसांतील संघटन कसे आहे, ह्याचा थोडक्यात परिचय करून देणे हा ह्या भाषणाचा हेतू आहे.

खडक, माती, पाणी आणि हवा ह्यांत कोणते मूलद्रव्य किती प्रमाणात आहे, ते तेथे का आले आणि तेथून पुढे कोठे जाणार, ह्याचा शोध घेणारे ते भूरसायनशास्त्र. हे नाव १८३८ साली बाझेल येथील शोनबाइन ह्या रसायनज्ञाने प्रथम योजिले. परंतु त्या नावाला शास्त्राची प्रतिष्ठा आली ती व्हिक्टर गोल्डश्मिट ह्यांच्या हातून. १८८८ साली झुरिकमध्ये जन्मलेल्या ह्या विद्वानाचे बहुतेक आयुष्य नॉर्वेत गेले. त्यांनी मूलद्रव्यांचे त्यांच्या आवडीनुसार वर्ग पाडले. लोखंडाच्या संगतीत रमणारी लोहप्रिय, गंधकाशी जुळणारी गंधकप्रिय, खडकांत वस्ती करणारी पाषाणप्रिय आणि हवेत राहणारी वायुप्रिय. सोने एवढे दुर्मिळ का, ह्याचे उत्तर ह्या वर्गीकरणात सापडते. सोने लोहप्रिय असल्यामुळे पृथ्वी वितळलेल्या अवस्थेत असताना त्याचा फार मोठा भाग लोखंडाबरोबर तिच्या गाभ्यात उतरला. मनुष्याच्या हाती लागते ते वर राहिलेले किंचित शेष होय.

गोल्डश्मिट ज्यू वंशाचे होते. नाझी राजवटीत त्यांना १९३५ साली जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठ सोडून नॉर्वेला परतावे लागले. पुढे नॉर्वेही जर्मनांच्या ताब्यात गेला आणि १९४२ साली ह्या शास्त्रज्ञाला अटक होऊन तो हद्दपारीच्या बोटीच्या धक्क्यापर्यंत पोहोचला. ह्या मनुष्याचे ज्ञान देशाला हवे आहे, असे त्याच्या सहकाऱ्यांनी आग्रहाने मांडल्यामुळे ऐन वेळी त्याला बाजूला काढण्यात आले. नंतर तो स्वीडनला निसटला व तेथून इंग्लंडात गेला. १९४७ साली ऑस्लो येथे त्याचा अंत झाला. आज ह्या व्यवसायातील सर्वांत मोठी वार्षिक परिषद त्याचेच नाव धारण करते.

आता ह्या व्यवसायाचे मर्म कशात आहे ते पाहिले पाहिजे. त्यासाठी अमेरिकेतील क्लेअर पॅटर्सन ह्यांच्या चरित्रासारखे उदाहरण नाही. एका अशनीतील शिशाचे निरनिराळे समस्थानिक मोजून पृथ्वीचे वय ठरवावयाचे, हे काम त्यांच्याकडे आले. परंतु मोजावे तेव्हा शिसे अपेक्षेहून अधिक निघे. शोध घेता कळले की, हे जादा शिसे अशनीतील नसून प्रयोगशाळेच्या हवेतील, भांड्यांतील आणि मोजणाऱ्याच्या अंगावरील आहे. त्यांनी भांडी आम्लात उकळविली, रसायने पुनःपुन्हा शुद्ध केली आणि धूळ आत येऊ नये अशी स्वतंत्र प्रयोगशाळाच उभारली. अनेक वर्षांच्या ह्या खटाटोपानंतर १९५६ साली पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले, आणि तो आकडा आजही जवळजवळ तसाच मान्य आहे.

परंतु एवढे शिसे हवेत आले कोठून, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. मोटारींच्या पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळले जात होते, आणि तेच धुरावाटे माणसांच्या रक्तात उतरत होते. १९६५ साली त्यांनी हे उघडपणे लिहिले. धनाढ्य उद्योग विरोधात उभे राहिले, आणि १९७१ साली हवेतील शिशाचा विचार करण्यासाठी राष्ट्रीय पातळीवर नेमलेल्या समितीत, त्या विषयाचा एवढा मोठा जाणकार असूनही, पॅटर्सन ह्यांना स्थान मिळाले नाही. तथापि आकडे त्यांच्या बाजूचे होते. अमेरिकेत १९९६ साली, हिंदुस्थानात २००० साली आणि सर्वांत शेवटी अल्जीरियात २०२१ साली रस्त्यावरील मोटारींचे शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. आज शहरांतून शाळेला जाणाऱ्या मुलाच्या श्वासात पूर्वीइतके शिसे नाही, ह्याचे श्रेय पुष्कळ अंशी एका भूरसायनज्ञाच्या स्वच्छ भांड्यांना आहे.

दुसरे उदाहरण देशातलेच आहे. पश्चिम बंगालमध्ये तळ्यांच्या दूषित पाण्यापासून लोकांचा बचाव व्हावा, ह्या सद्हेतूने कूपनलिका खणण्यात आल्या. १९८३ साली कलकत्त्याच्या वैद्यांना त्वचेवर डाग व चट्टे असलेले रोगी आढळू लागले आणि ह्या पाण्यातील सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा, उलगडा झाला. तो कोणी टाकलेला नव्हता. नद्यांच्या गाळातील लोहाच्या कणांना तो चिकटलेला असतो; जमिनीखाली प्राणवायू संपला की जंतूंच्या क्रियेने ते लोह विरघळते आणि सोमल पाण्यात मोकळा होतो. ही क्रिया समजल्यामुळेच कोणत्या खोलीचे पाणी घ्यावे आणि कोणते टाळावे ह्याचा विचार करता येऊ लागला. महाराष्ट्रातही यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड ह्या जिल्ह्यांतील काही गावांच्या विहिरींत फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. एका लिटर पाण्यात दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दात व हाडे बिघडतात. पाणी दिसावयास निर्मळ आणि चवीस गोड असते. दोष कळतो तो केवळ मोजल्याने.

अशा माणसांना काम कोठे मिळते? पहिला मोठा आश्रय सरकारी खात्यांचा. १८५१ साली स्थापन झालेले भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ओढ्यानाल्यांतील गाळाचे नमुने घेऊन देशाचा भूरासायनिक नकाशा तयार करीत आहे; त्याच्या मध्य विभागाचे मुख्य ठाणे नागपूरला आहे. केंद्रीय भूजल मंडळ, तसेच युरेनियमचा शोध घेणारे अणुखनिज संचालनालय ही आणखी दोन ठिकाणे. तेलाच्या उद्योगात कोणत्या खडकातून तेल निपजले हे रासायनिक खुणांवरून ओळखावे लागते. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावला येथे आहे; सागरतळाच्या गाळावरून जुन्या मोसमी पावसाचा इतिहास वाचणारे लोक तेथे आहेत. लिथियम आणि दुर्मिळ मृद्धातू ह्यांची मागणी वाढल्यामुळे केंद्र सरकारने २०२५ च्या जानेवारीत महत्त्वाच्या खनिजांसाठी एका राष्ट्रीय मोहिमेस मान्यता दिली.

एक अगदी नवे क्षेत्रही उघडत आहे. आइसलंडमध्ये कर्बवायू पाण्यात विरघळवून काळ्या बसाल्ट खडकात सोडला असता, त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप होऊन दगडच बनला, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. सह्याद्रीचा काळा पत्थर बसाल्टच आहे. तो हे काम कितपत करील, हे सांगण्यासाठी भूरसायनज्ञच लागतील.

प्रवेशाचा मार्ग असा. केंद्रीय लोकसेवा आयोग दरवर्षी संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा घेतो. तीतून सर्वेक्षणासाठी भूवैज्ञानिक, भूभौतिकज्ञ व रसायनज्ञ आणि भूजल मंडळासाठी शास्त्रज्ञ निवडले जातात. रसायनज्ञाच्या जागेसाठी रसायनशास्त्रातील एम. एस्सी. चालते, ही गोष्ट त्या शाखेच्या विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. भूशास्त्राची एम. एस्सी. करावयाची झाल्यास पवईच्या आय. आय. टी.चे दार सामायिक प्रवेशपरीक्षेने उघडते. संशोधनाची आवड असणाऱ्यांना हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा ही स्थाने आहेत.

तथापि केवळ उजळ बाजू सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कायम जागा मोजक्या असतात. डॉक्टरेटनंतर दोनदोन, तीनतीन वर्षांच्या तात्पुरत्या नेमणुकांत तारुण्याचा मोठा काळ जातो. खाणकंपन्यांतील नोकऱ्या धातूंच्या भावाबरोबर चढतात आणि उतरतात. ज्यावर सारे काम चालते ते मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र अतिशय महाग असते, आणि त्यावर वेळ मिळविण्यासाठी रांगेत थांबावे लागते. ज्या घराला मुलाची मिळकत लवकर हवी आहे, त्याने हा हिशेब आधी करावा.

ह्या अडचणींत व्यवसायबंधूंचा आधार मोलाचा ठरतो. १९५५ साली अमेरिकेत जिओकेमिकल सोसायटी आणि १९८५ साली युरोपात तशीच दुसरी संस्था स्थापन झाली. १९८८ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या गोल्डश्मिट परिषदेचा व्याप पुढे वाढत गेला, आणि आता ह्या दोन संस्था मिळून ती भरवितात. ती २०१६ साली योकोहामास, २०२४ साली शिकागोस व २०२५ साली प्रागला भरली. विद्यार्थ्यांना तेथे व्यवस्थेत मदतनीस म्हणून काम करून परिषदेचा लाभ घेता येतो, आणि पुढच्या नेमणुकीची ओळख पुष्कळदा अशा ठिकाणीच होते. रिक्त जागा व शिष्यवृत्त्या ह्यांच्या वार्ता संस्थांच्या वार्तापत्रांतून कळतात. देशात बंगळुरूची जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया १९५८ पासून कार्य करीत असून तिचे नियतकालिकही निघते. होतकरू विद्यार्थ्याने पदवीच्या वर्षांतच अशा एखाद्या संस्थेचे सभासद व्हावे आणि सुटीत एखाद्या प्रयोगशाळेत नमुने दळण्याचे, चाळण्याचे आणि भांडी धुण्याचे काम मागून घ्यावे. ते हलके काम नव्हे. पॅटर्सन ह्यांचे सारे यश त्यावरच उभे होते.

श्रोतेहो, ज्या गावातील बाई डोक्यावर घागर घेऊन विहिरीवर जाते, तिला पाण्यातील फ्लोराइड दिसत नाही आणि तिने मोजावे अशी अपेक्षाही नाही. तिच्या वतीने कोणी तरी नमुना नीट घ्यावा, नीट मोजावा आणि निघालेला आकडा कोणाच्याही सोयीसाठी न बदलता सांगावा, एवढीच अपेक्षा आहे. ज्या मुलाला वा मुलीला असे काम करण्याची चिकाटी आहे, तिला घरातील वडिलांनी ह्या वाटेवरून परत बोलावू नये.