लिंक पाठवण्याआधी तिचा चेहरा बघा

बचत गटांची समन्वयक म्हणून मी नेहमी तुमच्याशी कर्ज, हप्ते आणि हिशोबवही यांबद्दल बोलते. आज बोलणार आहे मोबाईलवरच्या एका छोट्या चौकटीबद्दल. विषय लहान वाटेल, पण या चौकटीने आमच्या गटाचा एक हप्ता अडकवला होता, आणि पुढे याच चौकटीने एका मैत्रिणीचा आधार नंबर जवळजवळ चोराच्या हाती दिला होता.

व्हॉट्सॲपवर कुणी लिंक पाठवली की नुसती निळी अक्षरं दिसत नाहीत. एक फोटो दिसतो, त्याखाली ठळक अक्षरात नाव, मग एखाददोन ओळी आणि शेवटी बारीक अक्षरात पत्ता. याला प्रिव्ह्यू म्हणतात. आपण झलक म्हणू. लिंक उघडायची की नाही, हे माणूस ही झलक बघूनच ठरवतो.

आमचा गट सोलापूर जिल्ह्यातला, दहा जणींचा. आम्ही मालदांडी ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी करतो. संक्रांतीच्या दिवसांत भोगीसाठी तीळ लावलेली बाजरीची भाकरीही. कडक भाकरी कोरडी ठेवली तर चांगली टिकते, त्यामुळे पुण्या-मुंबईला पाठवता येते. गेल्या वर्षी आम्ही ठरवलं, फोनवर एकेकीला दर सांगत बसण्यापेक्षा मालाचं एक पेज करून घेऊ. ओळखीच्या एका मुलाने ते करून दिलं. फोटो छान, दर बरोबर, फोन नंबर बरोबर. आम्ही सगळ्या खूश.

डिसेंबरच्या शेवटी ज्वारी आणली, दळण केलं, आणि लिंक सगळीकडे पाठवली. माहेरच्या ग्रुपवर, शाळेच्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर, नणंदेच्या सोसायटीच्या ग्रुपवर. तीन दिवसांत ऑर्डर किती आल्या? दोन. त्यातली एक माझ्या मावशीची.

चौथ्या दिवशी नणंदेचा फोन आला. म्हणाली, "वहिनी, तुझा फोन कुणी हॅक केलाय का गं? तुझ्या नावाने केकची लिंक आली म्हणून आमच्या ग्रुपवाल्यांनी ती काढून टाकली."

मी पाठवलेला मेसेज पहिल्यांदाच नीट बघितला. वर क्रीम लावलेल्या केकचा फोटो. नाव काय, तर इंग्रजीत नुसतं 'होम'. खाली कुणालाच न कळणाऱ्या लॅटिन अक्षरांच्या दोन ओळी. आणि आम्ही विकत होतो भाकरी! बँकेचा हप्ता 10 तारखेला होता, भोगी 13 ला. पीठ दळून तयार. दहा जणी तोंडाकडे बघत होत्या. एक काकू म्हणाल्या, "आपलं फोन करून सांगणंच बरं होतं." मला उत्तर सुचलं नाही.

मग त्या मुलाला गाठलं आणि हे का होतं ते समजून घेतलं. तेच तुम्हाला साध्या शब्दांत सांगते.

आपण लिंक टाकली की व्हॉट्सॲप किंवा फेसबुक त्या पेजवर जाऊन चार गोष्टी विचारतं : तुझं नाव काय, तू कशाबद्दल आहेस, तुझा फोटो कोणता आणि तुझा पक्का पत्ता काय. या चार उत्तरांच्या ओळी पेजच्या आत लिहिलेल्या असतात. पेज उघडल्यावर त्या आपल्याला दिसत नाहीत. या पद्धतीला ओपन ग्राफ म्हणतात. फेसबुकने ती 2010 मध्ये आणली आणि आता बहुतेक सगळे तीच वापरतात. आमचं पेज एका तयार नमुन्यावरून केलेलं होतं. तो नमुना होता एका बेकरीचा. दिसणारं सगळं त्या मुलाने बदललं, न दिसणाऱ्या ओळी तशाच राहिल्या. म्हणून आत भाकरी आणि दारावर केक.

त्याने ओळी बदलल्या. नाव घातलं, 'सोलापुरी कडक भाकरी आणि शेंगा चटणी'. खाली एक ओळ, 'महिला बचत गटाने घरी केलेली, घरपोच मिळेल'. फोटो आमच्याच भाकरीच्या चवडीचा. इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, फोटो आडवा हवा. साधारण 1200 बाय 630 हे माप चालतं. दोन, मुख्य वस्तू फोटोच्या मधोमध हवी, कारण काही ठिकाणी झलक चौकोनी होते आणि कडा कापल्या जातात. आमच्या पहिल्या फोटोत गटाचं नाव कडेला होतं, ते अर्धंच दिसायचं. तीन, फोटो फार जड नको. जड असला तर व्हॉट्सॲपवर तो येतच नाही. नावसुद्धा लांबलचक नको. पुढची अक्षरं कापली जातात, म्हणून माल काय आहे ते आधी, गटाचं नाव नंतर.

सगळं झाल्यावर मी उत्साहाने लिंक पुन्हा टाकली. पुन्हा केक! मला रडूच यायचं बाकी होतं. कारण असं, की एकदा बघितलेली झलक ही ॲप्स आपल्याजवळ साठवून ठेवतात आणि दरवेळी नव्याने बघायला जात नाहीत. फेसबुकसाठी यावर उपाय आहे. त्यांचं शेअरिंग डीबगर नावाचं फुकट पान आहे. फेसबुकवर लॉगिन करून तिथे आपला पत्ता टाकला की झलक कशी दिसेल ते आधीच दिसतं, काय चुकलंय तेही सांगतं. 'स्क्रेप अगेन' हे बटण दाबलं की फेसबुक पेज नव्याने वाचतं. व्हॉट्सॲपची झलक मात्र पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होते. तिथे आम्ही लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह, इंग्रजी व्ही, बरोबरचं चिन्ह आणि 2 असं जोडलं. पेज तेच उघडतं, पण फोनला पत्ता नवा वाटतो आणि तो पुन्हा जाऊन बघतो. भाकरी दिसली! आधी पाठवलेल्या मेसेजमधला केक मात्र बदलत नाही. ते मेसेज काढून नवे पाठवावे लागले, सोबत दोन ओळींची माफीही.

भोगीपर्यंत बाजरीची भाकरी सगळी गेली. ज्वारीची थोडी उरली. हप्ता मात्र 10 तारखेला पूर्ण जमला नाही. गटाच्या अंतर्गत बचतीतून भर घालावी लागली. ते पैसे आम्ही फेब्रुवारीत परत भरले. चार दिवसांच्या गफलतीची ही किंमत.

आता या गोष्टीची दुसरी बाजू ऐका. ती जास्त महत्त्वाची आहे.

फेब्रुवारीच्या मासिक बैठकीत एका ताईने मला फोन दाखवला. "बघा, महिलांना मोफत शिलाई मशीन मिळतंय. फॉर्म भरू का?" झलक एकदम झकास. मशीनवर बसलेल्या बायकांचा फोटो, वर मोठ्या माणसाचा चेहरा, नाव ठळक आणि सरकारी वाटेल असं. आधार कार्ड समोरच काढून ठेवलेलं. क्षणभर मलाही खरंच वाटलं. मग एकदम आठवलं, महिन्यापूर्वी आपणच एका पेजला हवं ते नाव आणि हवा तो फोटो दिला होता. तेव्हा आपल्याला कुणी विचारलं होतं का, की हे खरं आहे का? नाही. व्हॉट्सॲप तपासत नाही. पेजवाला स्वतःबद्दल जे सांगेल तेच झलक दाखवते. आम्ही भाकरीचा फोटो लावला, तसा चोर सरकारी फोटो लावतो. मोफत शिलाई मशीनच्या नावाने फिरणाऱ्या अशा दाव्यांना केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही खोटं ठरवलेलं आहे.

म्हणून झलकेतला फोटो आणि नाव सोडून द्या, पत्ता वाचा. पत्त्यात सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघांनंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येते, तिच्या अगदी अलीकडे काय आहे ते बघा. तिथे जीओव्ही डॉट इन असेल तर संकेतस्थळ सरकारी. एनआयसी डॉट इन असेल तरी सरकारी. पण जीओव्ही मध्येच कुठेतरी घुसडलेलं आहे आणि शेवट भलताच आहे, तर हात मागे घ्या. त्या ताईच्या लिंकचा शेवट भलताच होता. तिने आधार परत पिशवीत ठेवलं. शंका आली तर ग्रामपंचायतीत किंवा आपल्या सीआरपी ताईला विचारा, त्यात कमीपणा नाही. आणि कुणाचे पैसे गेलेच तर रडत बसू नका, लाजू नका. लगेच 1930 या नंबरवर फोन करा. जितका लवकर, तितकी पैसे थांबवण्याची शक्यता जास्त.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याचं काम. तुमच्या गटाची लिंक असेल तर ती आज स्वतःलाच पाठवा. व्हॉट्सॲपवर स्वतःच्या नंबरला मेसेज करता येतो. लिंक पेस्ट केल्यावर दोन क्षण थांबा, झलक येऊ द्या, मगच पाठवा. मग घरातल्या अशा बाईला दाखवा जिला तुमच्या मालाची काही माहिती नाही. विचारा, "हे बघून तुम्हाला काय वाटतं, इथे काय मिळतं?" मी माझ्या सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "भाकरी आहे. पण जरा करपलीय." आम्ही फोटो बदलला.

पुढच्या वेळी भेटू. तोवर नमस्कार.